कॉफीवरचे सगळेच पांढरे शत्रू नव्हेत

कोडगू-चिकमगळूरच्या मळ्यांत कॉफीच्या फळांवर पांढरे पुंजके दिसले की ते एकजात कीड समजून फवारणी होते. पिठ्या ढेकूण (मेणकट पावडर ल्यालेला, रस शोषणारा कीटक) जेमतेम हलतो. त्याच पुंजक्यात लांब मेणतंतूंची, आकाराने मोठी, चपळ अळी दिसली, तर ती क्रिप्टोलिमस या परभक्षी (इतर कीटक खाणाऱ्या) भुंगेऱ्याची. चोरांच्या टोळीत शिरलेला साध्या वेशातला पोलीसच म्हणा! ऑस्ट्रेलियातून १८९८ मध्ये भारतात आणलेला हा भुंगेरा आपल्याकडच्या द्राक्षबागांतही सोडतात. खरी अडचण मुंग्यांची; ढेकणांच्या गोड स्रावासाठी त्या परभक्षींना हुसकावतात. म्हणून आधी मुंग्या आवरा, आणि फवारण्यापूर्वी पुंजका नीट निरखा.