उतारावरची कमाई

संपादकांचा निरोप दोन ओळींचा होता: एसटीच्या विजेच्या बसवर लिहा, पण मुंबई-पुण्याच्या नजरेतून नको, नाशिकहून लिहा. नाशिकहून लिहायचं तर मध्ये कसारा घाट येणारच. आणि या गाडीची खरी करामत घाटातच दिसते.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. त्याच तारखेला, त्याच मार्गावर, २०२२ साली 'शिवाई' ही महामंडळाची पहिली विजेवरची बस धावली. पुढे ५,१५० ई-बस भाड्याने घेण्याचा मोठा करार झाला. त्यातल्या पहिल्या गाड्या १३ फेब्रुवारी २०२४ रोजी ठाण्याच्या खोपट स्थानकातून तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी रवाना केल्या. मार्ग बोरिवली–ठाणे–नाशिक. नऊ मीटर लांबीची, वातानुकूलित, बेताच्या अंगाची गाडी. गावोगाव जाणारी सार्वजनिक सेवा धूर न सोडता चालवता येईल का, याची राज्यातली सर्वांत मोठी परीक्षा या गाड्यांपासून सुरू झाली.

मुंबई नाक्यावरच्या महामार्ग स्थानकातून गाडी सुटते तेव्हा पहिल्यांदा जाणवते ती इंजिनाची गैरहजेरी. खिडकीची काच थरथरत नाही, गिअर बदलताना बसणारा हिसका नाही. घोटी मागे पडतं, इगतपुरीनंतर रस्ता खाली तोंड करतो आणि मुंबईकडे जाणारी गाडी कसारा घाटात शिरते.

डिझेल गाडीसाठी घाटाचा नियम जुना आहे: ज्या गिअरमध्ये चढायचं, त्याच गिअरमध्ये उतरायचं. इंजिनाचा दाब गाडीला मागे धरून ठेवतो आणि ब्रेकला थोडी उसंत मिळते. तरीही लायनर तापतात, करपल्याचा वास येतो. या सगळ्या धडपडीत गाडीची शक्ती नुसती उष्णता होऊन हवेत जाते. विजेच्या गाडीत चालकाने 'रेस'वरचा पाय उचलला की मोटरचं काम उलटं होतं. आतापर्यंत ती बॅटरीतून वीज घेऊन चाकं फिरवत होती. आता चाकं तिला फिरवतात आणि ती जनित्र बनते. वीज तयार करायला जोर लागतो, तो जोर चाकांकडून घेतला जातो, म्हणून गाडी आवरली जाते. तयार झालेली वीज बॅटरीत जाते. पायाखालचा हवेचा ब्रेक असतोच, पण तो मुख्यतः शेवटच्या थांब्यासाठी आणि अडीअडचणीला. वेग अगदी उतरला की मोटरची पकड सैल होते, तेव्हा गाडी हवेच्या ब्रेकच्याच भरवशावर थांबते.

किती वीज परत येते? कागदावर हिशेब मांडून पाहू. इगतपुरीपासून कसाऱ्यापर्यंत रस्ता साधारण ३०० मीटर खाली उतरतो. प्रवाशांसह गाडीचं वजन १२ टन धरलं, तर एवढ्या उंचीची ऊर्जा जवळपास १० युनिट भरते. त्यातली काही टायरच्या घर्षणात आणि हवा कापण्यात जाते, काही मोटर-बॅटरीच्या देवघेवीत झिजते. तरी चार-पाच युनिट हाती लागायला हरकत नाही. म्हणजे सपाटीवरच्या चार-पाच किलोमीटरची बेगमी. येताना तोच घाट चढायचा असतो आणि तो मिळालेल्यापेक्षा जास्त वसूल करतो, हेही खरं. पण डिझेल गाडीला उतरताना टाकीत एक थेंब परत मिळत नाही.

चालकाचं कसबही इथे बदलतं. समोरच्या ट्रकचा दिवा लागण्याआधी पाय उचलणारा चालक वीज कमावतो. शेवटच्या क्षणी ब्रेक दाबणारा ती जाळतो. मार्गाची रचनाही यंत्राच्या पथ्यावर पडते. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते आणि भार पुन्हा साध्या ब्रेकवर येतो. नाशिकहून भरून निघालेली गाडी घाटमाथ्यावर पोहोचेपर्यंत पन्नासेक किलोमीटर चाललेली असते, त्यामुळे जागा झालेली असते. सप्तशृंगी गडासारख्या ठिकाणी थेट माथ्यावरच चार्जर बसवला तर हे गणित बिघडेल.

गंमत अशी, की या घाटाला ही युक्ती नवी नाही. कल्याण–इगतपुरी लोहमार्गावर १९३० मध्ये १,५०० व्होल्टची वीज आली. १ ला ३७ चा चढ, वर जाताना मागून जास्तीची इंजिनं लावावी लागत. तेव्हाची 'खेकडा' म्हणून ओळखली जाणारी मालगाडीची इंजिनं उतरताना वीज परत तारेत सोडत. खाली येणारी गाडी वर जाणाऱ्या गाडीला हातभार लावी. रस्त्याला तेच जमायला नव्वद वर्षं लागली, कारण रस्त्यावर तार नव्हती आणि पुरेशी हलकी बॅटरीही नव्हती.

नाशिकच्या रस्त्यांवर तार येणार होती. १ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'मेट्रो निओ'साठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले: रबरी टायरच्या, डोक्यावरच्या तारेतून वीज घेणाऱ्या जोडबस. ती गाडी अजून कागदावरच आहे. त्याच वर्षी ८ जुलैला सुरू झालेली शहराची 'सिटीलिंक' सीएनजी आणि डिझेलवर निघाली.

एसटीच्या कराराची वाटही खडतर निघाली. पद्धत अशी: गाडी, चालक आणि देखभाल कंपनीची, वाहक, तिकीट आणि मार्ग महामंडळाचा, पैसे किलोमीटरप्रमाणे. कागदावर सुटसुटीत. पण मे २०२५ पर्यंत हजार गाड्या यायच्या होत्या, तिथे दोनशेच्या थोड्या पुढेच आकडा गेला, आणि परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी करार रद्द करण्याचे निर्देश दिले. गाड्या उशिरा येतात तेव्हा जुन्या लाल गाड्यांचं आयुष्य ओढून ताणून वाढवलं जातं, आणि घाटात बंद पडलेल्या गाडीतून उतरून मागच्या गाडीला हात दाखवायची वेळ प्रवाशांवर येते.

गाड्या वेळेवर आल्या तरी प्रश्न संपत नाहीत. चीनमधल्या शेनझेन शहराने २०१७ अखेर आपल्या १६ हजारांहून अधिक बस विजेवर आणल्या. पण शहरातली बस रात्री डेपोत परतते. एसटीची मुक्कामी गाडी सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर झोपते आणि पहाटे शाळेची मुलं, बाजाराचा भाजीपाला घेऊन निघते. तिथे उच्चदाबाची जोडणी कोण आणि कधी देणार? डिझेलची टाकी काही मिनिटांत भरते. बॅटरीला तास-दीड तास उभं राहावं लागतं. म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांसाठी जास्त गाड्या, जास्त जागा, आणि वेळापत्रक नव्याने मांडणारी माणसं हवीत. शिवाय राज्यातली बरीच वीज अजून कोळशाची. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राची धुराडी नाशिकपासून लांब नाहीत. धूर स्थानकातल्या गर्दीच्या नाकातोंडातून हटतो, हा फायदा मोठाच. पण तो नाहीसा होतो असं म्हणणं खोटं ठरेल.

आता नाशिकचा २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा येतोय. पर्वणीच्या दिवशी सगळ्या गाड्या एकाच वेळी लागतात आणि चार्जरपुढे रांग लावायला सवड नसते. त्या दिवसांची भिस्त डिझेलवरच राहील असं वाटतं, आणि त्यात कमीपणा नाही. मात्र गर्दीसाठी घाईने उभारलेली जोडणी आणि शेड पर्वणीनंतर उखडून न टाकता सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या मुक्कामी गाड्यांच्या कामी आली, तर ती खरी कमाई. घाट ही या गाडीची अडचण कधीच नव्हती. ती अडते सपाटीवर: निविदेत, जोडणीच्या अर्जात आणि डेपोच्या जागेत. आणि तिथे परत मिळण्यासारखं काही नसतं, आधी खर्चच करावा लागतो.