'एकदा बघायला हरकत नाही' म्हणजे नेमके काय?

'कसा आहे चित्रपट?' या प्रश्नाला मराठी प्रेक्षकाकडे काही ठरलेली उत्तरे असतात. 'पैसे वसूल', 'टाइमपास आहे', 'मध्यंतरानंतर फार खेचलाय', 'एकदा बघायला हरकत नाही' आणि गेल्या काही वर्षांत रूढ झालेले 'ओटीटीवर आला की बघ'. लोकलच्या डब्यात, कार्यालयातील चहाच्या वेळी, सोसायटीच्या फाटकाशी किंवा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही उत्तरे सहज दिली जातात आणि देणारा ती पुढच्या क्षणी विसरूनही जातो. ऐकणारा मात्र त्यावरच शनिवारचा बेत ठरवतो. तारांकित परीक्षणे, जाहिराती आणि कलाकारांच्या मुलाखती यांपेक्षा ओळखीच्या माणसाचे एक वाक्य अधिक विश्वासार्ह वाटते. चित्रपट व्यवसायात यालाच 'माउथ पब्लिसिटी' म्हणतात. ती पैशाने विकत घेता येत नाही, आणि एकदा विरोधात गेली की थोपवताही येत नाही.

असे हे वजनदार मत तयार कसे होते, आणि तोच चित्रपट काही वर्षांनी पुन्हा पाहिल्यावर ते का बदलते, हे समजून घेणे म्हणूनच उपयोगाचे आहे.

शब्द तेच, मोजमाप वेगळे

या ठरावीक उत्तरांकडे बारकाईने पाहिले, तर त्यांतील प्रत्येक उत्तर वेगळीच गोष्ट मोजत असल्याचे दिसते. 'पैसे वसूल' हे मत तिकिटाच्या दराशी बांधलेले असते. चौघांचे कुटुंब रविवारी संध्याकाळी मल्टिप्लेक्समध्ये गेले, तिकिटे, पॉपकॉर्न आणि गाडीतळ यांचा खर्च झाला, की चित्रपटाकडून असलेली अपेक्षा आपोआप वाढते. तोच चित्रपट सुटीच्या दुपारी घरी दूरचित्रवाणीवर लागला, तर 'बरा आहे की' असा अभिप्राय मिळतो. चित्रपट बदललेला नसतो. बदलते ती त्यासाठी मोजलेली किंमत.

'खेचलाय' ही तक्रार चित्रपटाच्या गतीविषयी असते, पण तीत प्रेक्षकाच्या थकव्याचाही वाटा असतो. दिवसभर काम करून रात्री नऊच्या खेळाला बसलेल्या माणसाला दीर्घ, संथ दृश्य सहन होत नाही. सकाळच्या खेळाला ताज्या मनाने गेलेल्याला त्याच दृश्यात काही सापडू शकते.

सर्वाधिक गैरसमज 'एकदा बघायला हरकत नाही' या वाक्याने होतो. अनेकदा ते बोलणाऱ्याला चित्रपट आवडलेला असतो. परंतु दुसऱ्याला आवडला नाही तर दोष आपल्यावर येईल, म्हणून तो हात राखून बोलतो. ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र 'नाही पाहिला तरी चालेल' एवढेच पडते. 'ओटीटीवर आला की बघ' हे पूर्वीच्या 'टीव्हीवर येईलच की' याचे नवे रूप. त्यात नापसंती असतेच असे नाही. मोठ्या पडद्यावर पाहण्याची घाई नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण चित्रपटगृहातील गल्ल्याच्या दृष्टीने हाच अभिप्राय सर्वांत महाग पडतो, कारण तो चांगल्या चित्रपटाचाही प्रेक्षक घरी बसवतो.

बाहेर पडताना मनात असतो तो शेवट

चित्रपटगृहाच्या दारात दिलेले मत तीन तासांची सरासरी नसते. माणूस एखादा अनुभव आठवताना त्यातील सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांनाच अधिक महत्त्व देतो, असे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात सहभागी व्यक्तींना एकदा मिनिटभर थंडगार पाण्यात हात धरायला सांगितले. दुसऱ्या वेळी तेवढाच वेळ, आणि त्यापुढे आणखी अर्धा मिनिट किंचित कमी थंड पाण्यात हात ठेवायचा होता. यांपैकी कोणता अनुभव पुन्हा घ्याल, असे विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा, म्हणजे अधिक वेळ त्रास देणारा अनुभव निवडला. त्याचा शेवट सुसह्य होता, एवढेच कारण.

दोन तास रमवणारा चित्रपट शेवटच्या पंधरा मिनिटांत घसरला, तर 'वाया गेला' असा शेरा मिळतो आणि सामान्य चित्रपटाचा शेवट जमला, तर 'मस्त आहे', ते याच न्यायाने. निर्मात्यांनाही हे नेमके ठाऊक असते. हिंदीतील सर्वांत गाजलेल्या चित्रपटाच्या पहिल्या काही दिवसांत याच मुद्द्यावर खल झाला होता.

'शोले'चे पहिले दिवस

१५ ऑगस्ट १९७५ रोजी 'शोले' प्रदर्शित झाला, तेव्हा त्याचे स्वागत थंडे झाले. व्यवसायाची गणिते मांडणाऱ्यांनी तो 'पडला' असे जाहीरही करून टाकले. प्रेक्षागृहात टाळ्या-शिट्ट्या ऐकू येत नव्हत्या. अमिताभ बच्चन यांनी रंगवलेला जय मरतो, हे प्रेक्षकांना रुचले नसावे, अशी शंका घेऊन शेवट नव्याने चित्रित करण्याचा विचार झाला. अखेर दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनी थोडे थांबायचे ठरवले. पटकथाकार सलीम-जावेद यांचा मात्र आपल्या कामावर विश्वास होता. प्रत्येक मोठ्या वितरण क्षेत्रात हा चित्रपट एक कोटी रुपये मिळवील, अशी जाहिरातच त्यांनी व्यावसायिक नियतकालिकांत दिली.

प्रेक्षकांच्या शांततेचा अर्थ लावण्यात चूक झाली होती. लोक कंटाळले नव्हते, भारावून गेले होते. हळूहळू तेच प्रेक्षक पुन्हा येऊ लागले आणि पडद्यावरील पात्रांच्या आधीच संवाद म्हणू लागले. पुढे गाण्यांप्रमाणे संवादांचीही ध्वनिमुद्रिका निघाली आणि खपली. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात 'शोले' पाच वर्षांहून अधिक काळ चालला. अधिकृत पसंतीला आणखी वेळ लागला. फिल्मफेअरच्या पुरस्कारांत त्या वर्षी 'शोले'च्या वाट्याला एकच पुरस्कार आला, तो एम. एस. शिंदे यांच्या संकलनाला. तीस वर्षांनी, २००५ मध्ये, फिल्मफेअरनेच त्याला पन्नास वर्षांतील सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवले.

या कथेला अलीकडे आणखी एक प्रकरण जोडले गेले. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरच्या आग्रहामुळे 'शोले'चा शेवट बदलावा लागला होता. ठाकूर गब्बरला ठार मारतो, हा मूळ शेवट असलेली पुनर्संचयित प्रत जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात दाखवण्यात आली. ज्यांना चित्रपट तोंडपाठ आहे, त्यांनाही पन्नास वर्षांनंतर आपले मत पुन्हा तपासावे लागेल, अशी ही घटना.

शेवट ठाऊक असताना

शेवट माहीत असेल तर मजा जाते, हा समज सार्वत्रिक आहे. अमेरिकेतील सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या जोनाथन लेविट आणि निकोलस ख्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळेच आढळले. काही वाचकांना लघुकथांचा शेवट आधीच सांगितला होता, इतरांना नाही. शेवट सांगितलेल्या वाचकांना त्या कथा सरासरीने अधिक आवडल्या. 'पुढे काय होणार' ही चिंता संपली की 'हे कसे घडते आहे' याकडे लक्ष जाते, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण. अर्थात, हा अभ्यास लघुकथांचा होता. त्यामुळे रहस्यपट पाहून आलेल्याला खुनी कोण हे सांगून टाकण्याचा परवाना मिळतो, असे नाही.

पुन्हा पाहण्याच्या अनुभवाशी हे निरीक्षण चांगले जुळते. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' (२०१६) हे त्याचे ठळक उदाहरण. पहिल्यांदा पाहणाऱ्याला पूर्वार्ध म्हणजे विहीर, ट्रॅक्टर, बुलेट आणि अजय-अतुल यांचे संगीत यांनी भरलेली प्रेमकथा वाटते. आर्चीचा भाऊ वर्गात प्राध्यापकांच्या कानशिलात मारतो, तो प्रसंग ओझरता निघून जातो. दुसऱ्यांदा पाहताना शेवट ठाऊक असतो, आणि नेमका तोच प्रसंग डोळ्यांत भरतो. ज्या घरात या उद्दामपणाचे कौतुक होते, ते घर पुढे काय करील, याची सूचना दिग्दर्शकाने किती आधी देऊन ठेवली होती, हे तेव्हा लक्षात येते. गाणी तीच असतात, पण ती ऐकताना पूर्वीचा निर्धास्तपणा उरत नाही. 'पहिला अर्धा भाग छान, नंतर कंटाळवाणा' असे म्हणून बाहेर पडलेल्या प्रेक्षकाने तो पुन्हा पाहिला, तर हे दोन भाग मुळात वेगळे नाहीत, हे त्याला जाणवू शकते.

चित्रपट तोच, बघणारा बदललेला

मत बदलण्यास कधी चित्रपटापेक्षा मधली वर्षे कारणीभूत असतात. सचिन पिळगावकर दिग्दर्शित 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) दूरचित्रवाणीवर असंख्य वेळा लागला आणि प्रत्येक वेळी पाहिला गेला. लहानपणी त्यात हसू येते ते साडी नेसलेल्या लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन यांच्या तारांबळीचे. शिक्षण किंवा नोकरीसाठी पुण्यात खोली शोधत फिरलेल्या, 'अविवाहितांना जागा मिळणार नाही' हे उत्तर स्वतः ऐकलेल्या माणसाला मात्र त्या विनोदाखालचा खरा प्रश्न दिसतो. घराच्या अडचणीवर बेतलेले हे कथानक हृषीकेश मुखर्जी यांच्या 'बीवी और मकान' (१९६६) या हिंदी चित्रपटावरून घेतलेले होते. मूळ चित्रपट आज फारसा कोणाला आठवत नाही, मराठी अवतार घरोघरी पोचला.

जब्बार पटेल यांचा 'सिंहासन' (१९७९) हे दुसऱ्या प्रकारचे उदाहरण. अरुण साधू यांच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या कादंबऱ्यांवर आधारलेल्या या चित्रपटात मुख्यमंत्र्यांची खुर्ची आणि तिच्याभोवतीचे डावपेच आहेत. तरुणपणी पाहणाऱ्याची नजर अरुण सरनाईक यांचा मुख्यमंत्री आणि श्रीराम लागू यांचा अर्थमंत्री यांच्यातील कुरघोडीवर असते. कोण जिंकणार, एवढेच कुतूहल असते. महाराष्ट्राने २०१९ आणि २०२२ मधील सत्तांतरे पाहिल्यानंतर त्या कुरघोडीचे नवल ओसरते. मग नजर जाते ती निळू फुले यांनी उभ्या केलेल्या पत्रकार दिगू टिपणीसकडे. सगळे कळते, पण बदलता काहीच येत नाही, ही त्याची अवस्था आता प्रेक्षकाला अधिक जवळची वाटते.

उलटेही घडते. एकेकाळी भरपूर हसवलेले काही विनोदी चित्रपट पुन्हा पाहताना त्यांतील स्त्रियांवरचे, वर्णावरचे किंवा शारीरिक व्यंगावरचे विनोद खुपतात. पहिले मत खोटे नव्हते. ते त्या वयाचे आणि त्या काळाचे होते.

सोमवारची कसोटी

दुसऱ्या मताला मात्र वेळ लागतो, आणि आजच्या व्यवहारात तोच उपलब्ध नसतो. एकपडदा चित्रपटगृहात चित्रपट लागला, की निदान आठवडाभर तेथे त्याचेच खेळ होत. मल्टिप्लेक्समध्ये गर्दी पाहून खेळांची संख्या आणि वेळा झटपट बदलता येतात. शुक्रवार ते रविवारचा गल्ला पाहिला जातो. सोमवारी तो फार उतरला, तर पुढच्या शुक्रवारी उरतात एक-दोन अडनिड्या वेळा. मोठ्या हिंदी चित्रपटाला प्रसिद्धीच्या जोरावर पहिले तीन दिवस निभावता येतात. मराठी चित्रपटाला पहिल्या प्रेक्षकाच्या शब्दावरच दुसरा प्रेक्षक मिळवायचा असतो. मराठी चित्रपटांना मल्टिप्लेक्समध्ये मोक्याच्या वेळा मिळाव्यात, यासाठी राज्य सरकारला २०१५ मध्ये निर्णय जाहीर करावा लागला होता. पण वेळ मिळाली तरी खुर्च्या भराव्या लागतात, आणि 'छान आहे, पण घाई नाही' या अभिप्रायाने त्या भरत नाहीत.

काहींना दुसरी संधी मिळते. राही अनिल बर्वे दिग्दर्शित, कोकण आणि पुण्याच्या पार्श्वभूमीवरील 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट ऑक्टोबर २०१८ मध्ये आला, तेव्हा त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. पुढे घरच्या पडद्यावर पाहिलेल्यांनी तो एकमेकांना सुचवला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आणला गेला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली. कुंदन शाह यांच्या 'जाने भी दो यारों' (१९८३) या चित्रपटालाही दूरदर्शन आणि व्हिडिओ कॅसेटच्या काळात हक्काचा प्रेक्षक लाभला आणि २०१२ मध्ये त्याची पुनर्संचयित प्रत चित्रपटगृहांत झळकली. मात्र, असे भाग्य लाभलेले चित्रपट बोटांवर मोजण्याइतके. बहुतेकांचा निकाल पहिल्याच आठवड्यात लागतो आणि त्यावर अपील नसते.

मत सांगताना...

* 'आवडला नाही' आणि 'वाईट आहे' ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्याला कारणाची गरज नाही, दुसऱ्याला आहे.

* कधी, कोठे आणि कोणाबरोबर पाहिला, हे सांगावे. 'रात्रीच्या खेळाला, दमून गेलो होतो' एवढ्यानेही ऐकणाऱ्याला तुमच्या मताचा अंदाज येतो.

* शेवट सोडून काय लक्षात राहिले, हे स्वतःला विचारावे. एखादे दृश्य दुसऱ्या दिवशीही आठवत असेल, तर 'टाइमपास' हा शब्द अपुरा आहे.

* चित्रपट आवडला असेल, तर हात राखून बोलू नये. 'या आठवड्यातच बघ' असे स्पष्ट सांगावे. लहान चित्रपटासाठी दोन आठवड्यांनी केलेली शिफारस निरुपयोगी ठरते; तोवर तो जवळच्या पडद्यावरून उतरलेला असतो.

* जुने मत बदलले असेल, तर तेही सांगावे. दहा वर्षांपूर्वी 'रटाळ' म्हणून नाकारलेला चित्रपट आता का आवडला, हे ऐकून समोरचाही तो पुन्हा लावण्याची शक्यता असते.