आतड्यातला दाह आणि शोषक औषधांची कसोटी

पोटात शोषक पदार्थ देऊन विषाला रक्तात जाण्यापासून अडवायचे, ही कल्पना अहिल्यानगर जिल्ह्याला नवी नाही. गोठ्यात ती रोज वापरली जाते. संगमनेर, राहाता, राहुरी, नेवासा या दुधाच्या पट्ट्यात मका, सरकी पेंड आणि मुरघास हा गाईचा नेहमीचा खुराक. साठवणीत ओल लागली की त्यावर बुरशी चढते आणि काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. त्यातला ‘बी१’ हा प्रकार गाईच्या यकृतात ‘एम१’ होतो आणि दुधात उतरतो. भारतात दुधातल्या एम१ला किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून घेतलेल्या ६,४३२ नमुन्यांपैकी ५.७ टक्के नमुने या मर्यादेबाहेर गेले होते. यावर एक उपाय म्हणून खाद्यात ‘टॉक्सिन बाइंडर’ मिसळतात. हा बाइंडर म्हणजे कधी बेंटोनाइटसारखी माती असते, तर कधी यीस्टच्या पेशीभित्तीतले ग्लुकोमॅनन, म्हणजे शर्करेच्या रेणूंची लांब साखळी. अफ्लाटॉक्सिनचा चपटा रेणू मातीच्या थरांमध्ये अडकतो आणि शेणावाटे बाहेर पडतो. युरोपीय संघाने २०१३ साली अफ्लाटॉक्सिनविरोधी खाद्यघटक म्हणून बेंटोनाइटला मान्यता दिली.

हा उपाय का लागू पडतो, याची चार कारणे आहेत. ज्याला पकडायचे त्याचे नाव ठाऊक आहे. ते बाहेरून तोंडावाटे येते, त्यामुळे रक्तात शिरण्याआधी आतड्यात गाठता येते. शोषकाची रचना त्या रेणूला जुळते. आणि पकडले की नाही, हे दुधातला एम१ मोजून ताडता येते. माणसाच्या शरीरातला दाह आतड्यातल्या शोषकाने कमी करू पाहणाऱ्या प्रत्येक औषधाला हीच चार कलमांची कसोटी लावली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. जिथे ती उतरते तिथे शोषक हे उत्तम औषध आहे. जिथे उतरत नाही तिथे, पुडीवर काहीही छापलेले असो, ती केवळ आशा आहे.

दाहाशी आतड्याचा संबंध खरा आहे, यात शंका नाही. मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. त्यांतल्या अनेकांच्या बाह्य आवरणात एंडोटॉक्सिन नावाचे विष असते. आतड्याचे अस्तर कमकुवत झाले की त्याचे अंश यकृताकडे जाणाऱ्या रक्तात शिरतात, आणि प्रतिकारशक्ती त्यांना ओळखून दाह पेटवते. ही ओळख कशी पटते याचा उलगडा करणाऱ्या संशोधनाला २०११ साली नोबेल पारितोषिक मिळाले. यकृताचा सिरॉसिस आणि मूत्रपिंडाचा जुना विकार यांत हा गळतीचा दाह रोग वाढवतो, असे मानायला आधार आहे. म्हणजे विषाचे ठिकाण माहीत आहे. मग ते तिथेच का पकडू नये? बहुलक (पॉलिमर) शोषकांमागचा हा प्रश्न अगदी रास्त आहे.

बहुलक शोषकांच्या यशाची उदाहरणेही भक्कम आहेत. कोलेस्टिरामिन हे रेझिन आतड्यात पित्ताम्लांना धरते आणि स्वतः रक्तात जात नाही. अमेरिकेत १९८४ साली जाहीर झालेल्या ३,८०६ पुरुषांवरील चाचणीत त्याने कोलेस्टेरॉल तर उतरवलेच, पण हृदयविकाराचा झटका आणि त्याने होणारे मृत्यू मिळून १९ टक्क्यांनी कमी केले. पित्ताम्लांमुळे होणारे जुलाब आणि पित्त अडल्याने सुटणारी खाज यांवरही तेच वापरतात. पॉलिस्टायरिनचे रेझिन १९५८ पासून पोटॅशियम धरण्यासाठी वापरात आहे. सेव्हेलामर मूत्रपिंडाच्या रुग्णांत फॉस्फेट धरते. या सगळ्यांत धरायचा पदार्थ एकच आणि ओळखीचा आहे, आणि परिणाम रक्ततपासणीत दिसतो. पित्ताम्ले बाहेरून येत नसली तरी त्यांनाही आतड्यातच गाठता येते, म्हणून गोठ्यातली चारही कलमे इथे जुळतात.

दाहाकडे वळले की चित्र पालटते. सोव्हिएत काळात सिलिकॉनयुक्त बहुलकाची एक जेली तयार झाली. ‘एंटेरोसजेल’ या नावाने ती अनेक देशांत विकली जाते. प्रयोगशाळेत ती एंडोटॉक्सिन धरते. २०२२ साली ब्रिटनमधील ४४० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. जुलाबप्रधान आतड्याच्या क्षोभात जेली घेणाऱ्यांपैकी ३७.४ टक्क्यांना, तर खोटे औषध घेणाऱ्यांपैकी २४.३ टक्क्यांना आराम पडला. हा फरक खरा आणि रुग्णाच्या दृष्टीने मोलाचा आहे. पण मोजले होते ते पोटदुखी आणि शौचाचा पातळपणा. जेलीने दाह शमवला, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. क्रोन्स रोग हा तर आतड्याच्या दाहाचाच रोग. त्यातल्या भगंदरावर जपानमध्ये ‘एएसटी-१२०’ या गोल कार्बनकणांच्या छोट्या चाचणीने उमेद दिली होती. पुढे अडीचशेच्या आसपास रुग्णांवर ती पडताळली, तेव्हा खोट्या औषधापेक्षा फायदा दिसला नाही. हेच औषध मूत्रपिंडाचा विकार मंदावते का, हे २,००० हून अधिक रुग्णांत तपासले गेले. २०१५ साली त्याचेही उत्तर नाही असे आले.

शेतकरी जिल्ह्याला अधिक जवळचे उदाहरण कीटकनाशक पोटात जाण्याचे. विष शोषून घ्यायचे म्हणजे कोळसा, हे कुणालाही पटावे. श्रीलंकेत ४,६३२ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. बहुतेकांनी कीटकनाशक घेतले होते किंवा कण्हेरीच्या जातीतल्या विषारी झाडाच्या बिया खाल्ल्या होत्या. सक्रिय कोळशाचे एक किंवा अनेक डोस दिल्याने मृत्यू लक्षणीय घटले नाहीत, असा निष्कर्ष २००८ साली जाहीर झाला. विषाचे नाव ठाऊक होते, पण रुग्ण रुग्णालयात पोहोचेपर्यंत बरेचसे विष रक्तात गेलेले असते. कसोटीचे दुसरे कलम तिथे कोसळते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की अपाय तर होत नाही, मग घेऊन पाहायला काय हरकत? हरकत आहे. शोषकाला मित्र आणि शत्रू यांतला फरक कळत नाही. कोलेस्टिरामिन थायरॉईडची आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे धरून ठेवते, तसेच अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वेही. पोटॅशियमच्या रेझिनमुळे आतड्याला गंभीर इजा झाल्याची नोंद आहे. जुलाबावर दिल्या जाणाऱ्या शोषक मातीत शिसे असू शकते, म्हणून फ्रान्सने २०१९ साली दोन वर्षांखालील मुलांना ती देऊ नये असे सांगितले. वेळेवर औषध घेणाऱ्या मधुमेही किंवा हृदयरुग्णाने अशी पुडी स्वतःहून सुरू केली, तर बिघडू शकते ते नेमके त्याचे चाललेले उपचार.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गाईत जे साधते ते माणसात का साधू नये? कारण गाईच्या खुराकातले अफ्लाटॉक्सिन ठराविक मापाने बाहेरून येते, तर एंडोटॉक्सिन आतड्यातच अखंड तयार होत असते. शोषकाच्या पृष्ठभागावर त्याला अन्न, पित्त आणि प्रथिने यांच्याशी जागेसाठी झगडावे लागते. शिवाय दाह एकदा ऊतींत रुजला की बाहेरच्या चिथावणीशिवायही तो चालू राहतो. म्हणून मला आशा वाटते ती लक्ष्य अरुंद ठेवणाऱ्या प्रयत्नांची. ‘डीएव्ही१३२’ हा कोळसा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पोहोचल्यावरच मोकळा होतो. निरोगी स्वयंसेवकांत त्याने मलातले मोक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक ९९ टक्क्यांनी कमी केले, तरी रक्तातली त्या प्रतिजैविकाची पातळी ढळली नाही. लंडनमध्ये सिरॉसिससाठी घडवलेले ‘यॅक-००१’ हे कार्बनमणी प्राण्यांत उपयोगी ठरले. माणसांत मात्र अजून मुख्यतः सुरक्षिततेपुरतीच परीक्षा झाली आहे. वाट बरोबर आहे, पण मुक्काम यायचा आहे.

तिसरा आक्षेप खेड्यातून येईल: मोठ्या रोगांचे राहू द्या, लेकराच्या जुलाबाला तरी पुडी नको का? याचे उत्तर याच जिल्ह्याने देऊन ठेवले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, आणि १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाचा कणा होता तो गावातल्याच, बऱ्याचदा शाळा न पाहिलेल्या, प्रशिक्षित महिला आरोग्य कार्यकर्तींचा. स्वच्छ पाणी, मुलांचा आहार आणि जुलाब सुरू होताच साखर-मिठाचे पाणी, हे त्यांचे औषध. जागतिक आरोग्य संघटनाही मुलांच्या तीव्र जुलाबात केओलिन-पेक्टिनसारख्या शोषकांना स्थान देत नाही. ती क्षारसंजीवनी आणि दहा ते चौदा दिवस जस्त द्यायला सांगते. काही शोषक मातींनी जुलाब एखाद्या दिवसाने आटोपतात, असे दिसले आहे, पण तो पुरावा कच्चा आहे. मूल दगावते ते पाणी आणि क्षार गेल्याने, आणि ते भरून काढण्याचे काम शोषक करत नाही.

म्हणून शोषकांना झिडकारण्याचे कारण नाही, आणि डोक्यावर घेण्याचेही नाही. राहुरीत कृषी विद्यापीठ आहे, लोणीत वैद्यकीय महाविद्यालय आणि ग्रामीण रुग्णालय आहे. गाईच्या दुधातला एम१ आणि सिरॉसिसच्या रुग्णाच्या रक्तातले दाहाचे निर्देशक ही दोन्ही मोजमापे एकाच जिल्ह्यात करता येण्याजोगी आहेत. बहुलक शोषकांचा पुढचा प्रामाणिक अभ्यास अशाच ठिकाणी व्हावा: तुलनेसाठी खोटे औषध ठेवून, काय पकडायचे ते आधी लिहून, आणि निकाल नकारात्मक आला तरी छापून. बुरशीसाठी पहिला उपाय कोरडी साठवण हाच आहे, बाइंडर दुसरा. जुलाबासाठी पहिला उपाय स्वच्छ पाणी आहे. दाहाचा उगम थांबवणे जिथे शक्य आहे, तिथे शोषकाला पहिले स्थान देणे ही खर्चाची आणि वेळेची उधळण ठरेल. जिथे उगम थांबवता येत नाही, पण पकडायच्या रेणूचे नाव आणि ठिकाण ठाऊक आहे, तिथे मात्र हे बहुलक रुग्णाला औषधाचा अंशही रक्तात न जाता आराम देऊ शकतात. ती शक्यता इतकी मोलाची आहे की तिच्या नावावर कच्चे दावे खपू देता कामा नयेत.