पोट ‘पुरे’ म्हणतं तेव्हा...

वजन कमी करण्याच्या ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. भूक जागवणारं ‘घ्रेलिन’ हे संप्रेरक प्रामुख्याने त्याच भागात तयार होतं; म्हणून सुरुवातीचे काही महिने भूक फारशी लागत नाही. पोट भरल्याची खूणही बदलते. पूर्वीसारखं पोट तट्ट होण्याची वाट पाहू नका. छातीच्या हाडाखाली दाब, उचकी किंवा अचानक नाक वाहणं, हा ‘पुरे’चा इशारा समजा. ‘पानात टाकू नये’ म्हणून घेतलेल्या शेवटच्या घासानेही उलटी होऊ शकते. त्यापेक्षा आधीच कमी वाढून घ्या. भूक नसली तरी जेवणाची वेळ चुकवू नका. डाळ, पनीर, अंडं आधी खा. उलट्या थांबत नसतील, तर मात्र लगेच डॉक्टरांना गाठा.