सकाळी आंबट, संध्याकाळी सपक!

दोस्तांनो, घोळीची भाजी खाल्लीय ना? लालसर देठ, छोटी गुबगुबीत पानं आणि चव किंचित आंबट. पावसानं दडी मारली की मेथी-पालकाची रोपं माना टाकतात. घोळ मात्र टवटवीत! हे तिला कसं जमतं? उत्तर दडलंय तिच्या आंबटपणात.

अन्न तयार करायला झाडाला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो. तो पानांवरच्या बारीक छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून आत येतो. पण रंध्रं उघडली की त्याच वाटेनं पानातलं पाणी वाफ होऊन निघून जातं. भर उन्हात तर फारच. आता आली का पंचाईत? रंध्रं उघडी ठेवली तर तहान, मिटली तर उपासमार!

पाणी भरपूर असेल तेव्हा घोळ दिवसाच रंध्रं उघडते. पाणी तुटलं की ती रात्रीच्या गारव्यातही कार्बन डायऑक्साइड घेऊ लागते. पण रात्री ऊन कुठलं? म्हणून तो मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींतल्या रिक्तिका नावाच्या पिशव्यांमध्ये साठवते. आई उद्याच्या डब्याची भाजी रात्रीच निवडून ठेवते ना, तसंच! दिवसा रंध्रं मिटून घोळ हे आम्ल मोडते आणि सुटलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवते. म्हणून तहानलेल्या घोळीचं पान सकाळी जास्त आंबट आणि संध्याकाळी सपक लागतं. पाणी मिळालं की तिचा जुना दिनक्रम पुन्हा सुरू.

अशीच युक्ती असलेल्या पानफुटीचं पान सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागतं, हे भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हेन यांचं निरीक्षण 1815 साली छापून आलं. घोळीची गंमत त्याहून मोठी. मक्यासारखी उन्हात झपाट्यानं अन्न बनवायची युक्तीही तिच्याकडे आहे. या दोन्ही युक्त्या ती एकाच पेशीत चालवते, असं अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी 2022 मध्ये दाखवून दिलं.

तुम्हीही करून पाहा. दोन कुंड्यांत घोळ लावा. एकीला रोज पाणी घाला, दुसरीचं आठवडाभर तोडा. मग दोन्हींची पानं सकाळी आणि संध्याकाळी धुऊन चाखा आणि चव वहीत लिहा. पण आधी घोळ मोठ्यांकडून ओळखून घ्या. देठ मोडल्यावर दुधासारखा चीक आला, तर ती घोळ नव्हे. ती तोंडात मुळीच घालू नका, आणि पानफुटीही चाखू नका!