नाताळची सुटी आणि विद्यार्थ्यांचें ख्रिस्ती संमेलन

शालान्त परीक्षा उतरून कॉलेजांत गेलेले आमचे जुने विद्यार्थी हिंवाळ्याच्या सुटीच्या सुमारास आम्हांस भेटावयास येतात. कुशल प्रश्न झाले म्हणजे त्यांपैकीं एखादा हळूच विचारतो, "गुरुजी, नाताळानंतर विद्यार्थ्यांचें ख्रिस्ती संमेलन भरणार आहे. जावें कीं न जावें?" आणि पुष्कळदां असें होतें कीं, त्याच आठवड्यांत त्याचे वडीलही येऊन म्हणतात, "सहा महिन्यांनीं मुलगा चार दिवस घरीं येतो; तेही दिवस दुसऱ्यांनीं घेतले तर त्याच्या आईनें काय करावें?" दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. आज ना उद्यां आपल्या शाळेंतील मुलांमुलींपुढें व त्यांच्या पालकांपुढें हाच प्रश्न उभा राहणार. यास्तव त्याचा विचार येथें थोड्या विस्तारानें करावा असें आम्हांस वाटतें.

प्रथम संमेलन म्हणजे काय तें सांगूं. निरनिराळ्या कॉलेजांतील विद्यार्थी व विद्यार्थिनी तीनचार दिवस एके ठिकाणीं येऊन राहतात व एका पंक्तीस जेवतात. सकाळीं प्रार्थना व शास्त्रपाठ. नंतर कोणा अनुभवी गृहस्थांचें अथवा बाईंचें व्याख्यान. मग आठदहा जणांच्या लहान गटांत त्याच विषयावर चर्चा. तिसरे प्रहरीं मोकळा वेळ. आणि रात्रीं पुनः उपासना, असा साधारण क्रम असतो. ही जत्रा नव्हे आणि शिकवणीचा वर्गही नव्हे. रोजच्या धांदलींतून बाजूला होऊन आपल्या श्रद्धेचा व आपल्या आयुष्याचा शांतपणें विचार करण्याची ही एक सोय आहे.

हें हिंवाळ्यांतच कां, असें कोणी विचारील. कारण साधें आहे. या दिवसांत विद्यार्थी व अध्यापक दोघेही मोकळे असतात, आणि वसतिगृहें रिकामीं असल्यामुळें राहण्याची सोय होते. आपल्या देशांत तर नाताळचा आठवडा हा सभापरिषदांचा आठवडा म्हणून पूर्वींपासून प्रसिद्ध आहे. राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन १८८५ च्या डिसेंबरच्या २८ तारखेस मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत भरलें. त्यास ७२ प्रतिनिधि होते. न्यायमूर्ति रानडे जिचे आधारस्तंभ होते ती सामाजिक परिषदही १८८७ पासून राष्ट्रीय सभेच्या जोडीनें याच दिवसांत भरूं लागली. पुढें १९०५ सालीं ऐन नाताळच्या दिवशीं, म्हणजे २५ डिसेंबरास, हिंदी ख्रिस्ती तरुण कार्यकर्ते बंगालमधील सेरामपूर येथें जमले. ज्या विल्यम केरींनीं १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण छापून प्रसिद्ध केलें, त्यांच्याच ग्रंथालयांत ही बैठक झाली. हिंदी मनुष्यांनीं, हिंदी पैशानें व हिंदी व्यवस्थेखालीं आपल्या देशांत सेवा करावी, या हेतूनें तेथें नॅशनल मिशनरी सोसायटीची स्थापना झाली. व्ही. एस्. अझरय्या व के. टी. पॉल हे त्या कार्याचे अग्रणी होते. त्या वर्षींचा सण त्यांनीं घरीं साजरा केला नाहीं. परंतु तो वायां गेला असें कोण म्हणेल?

तथापि केवळ दिवस सोयीचे आहेत म्हणून कोणी आपली सुटी खर्च करावी, असें आमचें म्हणणें नाहीं. खरें कारण याहून खोल आहे. कॉलेजांत गेलेल्या तरुणापुढें एक प्रश्न उभा असतो: शिकून पुढें काय, आणि हें आयुष्य कोणाच्या कामीं लावावयाचें? सत्र चालू असतां व्याख्यानें, प्रयोग व परीक्षा यांमुळें त्याकडे पाहावयास वेळ नसतो. घरीं यावें, तर आप्तेष्टांनीं उत्तर आधींच तयार ठेवलेलें असतें. सोबत्यांपुढें असा विषय काढावयास लाज वाटते. त्यामुळें प्रत्येकास वाटतें कीं, ही तळमळ आपल्या एकट्याचीच आहे. आणि एकट्याची वाटणारी तळमळ हळूहळू विझून जाते. संमेलनाचा पहिला लाभ हा कीं, आपल्याच वयाच्या दुसऱ्या मुलाच्या तोंडून आपलाच प्रश्न ऐकावयास मिळतो. मग तो प्रश्न लाजेचा राहत नाहीं, कामाचा होतो.

याचें एक उदाहरण आपल्या महाराष्ट्राशीं निगडित आहे. १८०६ सालीं अमेरिकेंतील विल्यम्स कॉलेजाचे पांच विद्यार्थी प्रार्थनेसाठीं रानांत गेले असतां वादळ झालें, आणि त्यांनीं गवताच्या गंजीचा आडोसा घेतला. तेथें सॅम्युएल मिल्स यानें सोबत्यांपुढें विचार मांडला कीं, आपल्या देशापलीकडील लोकांची सेवा आपण कां करूं नये? या बोलण्यांतून वाढत गेलेल्या चळवळीचा परिणाम म्हणून १८१० सालीं अमेरिकन मिशन बोर्ड स्थापन झालें, आणि १८१३ च्या फेब्रुवारींत त्याच कॉलेजाचे पदवीधर गॉर्डन हॉल हे सॅम्युएल नॉट यांजबरोबर मुंबईस उतरले. कंपनी सरकारनें त्यांस परत धाडण्याचा घाट घातला होता. तरी ते राहिले आणि हॉल मराठी शिकले. १८२६ सालीं नाशिककडील प्रवासांत हॉल पटकीनें मरण पावले. याच मिशनच्या मिस फरार यांनीं पुढें अहमदनगरास मुलींच्या शिक्षणाचें काम केलें. त्यांची शाळा जोतीराव फुले यांनीं पाहिली होती. आणि १८४८ सालीं फुल्यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. जोतीराव व सावित्रीबाई यांच्या धैर्याचें श्रेय आम्ही गंजीखालच्या पांच विद्यार्थ्यांस देत नाहीं; तें त्या दंपत्याचेंच आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, कांहीं तरुण एकत्र बसून मनापासून बोलले, तर त्या बोलण्याचा धागा कोठवर जाईल हें त्यांस स्वतःलाही ठाऊक नसतें.

दुसरें उदाहरण तर कोल्हापुरापासून सुरू होतें. रॉबर्ट वाइल्डर यांचा जन्म १८६३ सालीं कोल्हापुरास झाला. त्यांचे वडील तेथें अमेरिकन मिशनरी होते. मुलगा पुढें अमेरिकेंत प्रिन्स्टन येथें शिकावयास गेला. १८८६ च्या उन्हाळ्यांत मूडी यांच्या नेतृत्वाखालीं माउंट हर्मन येथें २५१ कॉलेज विद्यार्थ्यांचें सुमारें महिनाभर संमेलन झालें. तेथें रॉबर्टही होते. परदेशीं सेवेस जाण्याचा विचार करणारे विद्यार्थी आरंभीं थोडेच होते. रॉबर्ट त्यांच्याशीं बोलत, त्यांच्याबरोबर प्रार्थना करीत. संमेलन संपलें तेव्हां अशांची संख्या १०० झाली होती. त्या शंभरांत कॉर्नेल विद्यापीठाचा जॉन मॉट नांवाचा एकवीस वर्षांचा तरुण होता. तो मिशनरी होऊन परदेशीं स्थायिक झाला नाहीं; परंतु जगभरच्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांस एकत्र आणण्यांत त्यानें आयुष्य वेंचलें, आणि १९४६ सालीं त्यास शांततेचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें.

माउंट हर्मनच्या संमेलनांतून १८८८ सालीं स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट ही संस्था उभी राहिली. १८९१ पासून सुमारें दर चार वर्षांनीं तिचीं मोठीं संमेलनें भरत. १९०९ च्या अखेरीस रॉचेस्टर येथें भरलेलें संमेलन नववर्षाच्या सुटींत ठेवण्यांत आलें, आणि पुढचींही बहुधा त्याच सुमारास भरूं लागलीं. हीच रीत दुसऱ्या एका विद्यार्थिसंस्थेनें उचलली. तिचें पहिलें संमेलन १९४६ च्या डिसेंबरांत कॅनडांतील टोरांटो येथें भरलें व त्यास पांचशेंहून अधिक विद्यार्थी आले. १९४८ पासून तें अर्बाना येथील इलिनॉय विद्यापीठांत भरूं लागलें. पुढें स्थळ बदललें, तरी ‘अर्बाना’ हेंच नांव कायम राहिलें. २०२२ सालीं तें इंडियानापोलिस येथें झालें.

आतां पालकांच्या शंकांकडे वळूं. त्यांतील सर्वांत वजनदार शंका अशी कीं, गायन व भाषणें यांच्या भरांत तरुण मन कांहीं तरी प्रतिज्ञा करून बसतें आणि मागाहून पस्तावतें. ही शंका खोटी नाहीं. वर सांगितलेल्या चळवळीच्या पुढाऱ्यांनाही ती भेडसावीत होती. प्रतिज्ञापत्रावर सही केलेले पुष्कळ तरुण पुढें गेले नाहींत. म्हणून १८९२ सालीं प्रतिज्ञेचे शब्दच बदलण्यांत आले, आणि नुसती इच्छा नव्हे तर विचारपूर्वक केलेला निश्चय असेल त्यानेंच सही करावी असें ठरलें. पुढें महायुद्धानंतर, १९१९ च्या अखेरीस डे मॉइन येथील संमेलनांत, विद्यार्थ्यांनींच गाऱ्हाणें केलें कीं, आम्हांस केवळ भाषणें ऐकवूं नका. युद्ध, वर्णद्वेष व मजुरांची स्थिति यांविषयीं आम्हांस बोलूं द्या. त्याचा परिणाम असा झाला कीं, १९२३ च्या अखेरीस इंडियानापोलिस येथें भरलेल्या संमेलनांत लहान चर्चागटांस मोठें स्थान मिळालें. यावरून चांगलें संमेलन कसें ओळखावें हें समजतें. जेथें प्रश्न विचारण्याची मोकळीक आहे आणि उत्तराची घाई केली जात नाहीं, तेथें मुलांस पाठविण्यास भय नाहीं. जेथें रात्रीं सही करून घेतात आणि सकाळीं कोणी विचारीत नाहीं, तेथें न पाठविणें बरें.

खर्चाची व अभ्यासाची अडचणही खरी आहे. ज्याच्या घरीं आजारपण आहे, ज्याची परीक्षा तोंडावर आहे, किंवा ज्याच्या वडिलांस कर्ज काढावें लागेल, त्यानें यंदा घरीं राहावें. त्यांत त्याची श्रद्धा उणी ठरत नाहीं. आपल्या शाळेंत सर्व धर्मांचीं मुलें आहेत. दुसऱ्या धर्माच्या एखाद्या विद्यार्थ्यास जिज्ञासेनें जावेंसें वाटलें, तर त्यानें घरीं उघडपणें सांगून व संमति घेऊनच जावें. आईबापांपासून लपवून केलेलें कोणतेंही धर्मकार्य आम्हांस मान्य नाहीं.

जे जातील त्यांस आमचें तीन गोष्टींविषयीं सांगणें आहे. जाण्यापूर्वीं आपला खरा प्रश्न एका कागदावर लिहून घ्यावा, आणि एक शुभवर्तमान सबंध वाचून काढावें. तेथें असतां ओळखीच्या मंडळींच्याच घोळक्यांत न राहतां रोज एका तरी अनोळखी विद्यार्थ्याशीं मन मोकळें करून बोलावें. आणि परत आल्यावर जो निश्चय वाटला असेल तो प्रथम आईवडिलांस सांगावा, महिनादोन महिने प्रार्थनेनें व नित्याच्या कामानें पारखावा, आणि मगच त्यास निश्चय म्हणावें. घरच्या चुलीपाशीं आणि कॉलेजाच्या बाकावर जो टिकतो तोच खरा.

शेवटीं शुभवर्तमानांतील एका प्रसंगाची आठवण देतों. बारा वर्षांचा येशू आईबापांबरोबर यरुशलेमास सणास गेला होता. परतीच्या वाटेवर तो दिसेना म्हणून मरिया व योसेफ कासावीस होऊन माघारी फिरले. तीन दिवसांनीं तो मंदिरांत सांपडला; गुरुजनांच्या मध्यें बसून तो ऐकत होता व प्रश्न विचारीत होता. आईनें त्यास बोल लावला, आणि तिची व्यथा शास्त्रानें झांकून ठेविली नाहीं. परंतु गोष्ट तेथें संपत नाहीं. तो त्यांच्याबरोबर नासरेथास परत आला आणि त्यांच्या आज्ञेंत राहिला. पालकहो, मुलांस चार दिवस प्रश्न विचारावयास जाऊं द्या. विद्यार्थी मित्रांनो, प्रश्न विचारून झाले म्हणजे घरीं परत या. कारण तुमच्या उत्तराची वाट पाहणारीं माणसें तेथें आहेत.