अर्धशिशी आणि आहारातील तेल

भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट दिवसपाळीत चालतो, तसाच रात्रपाळीतही. अर्धशिशीने डोके ठणकत असलेल्या विणकरास तो असह्य होतो. खाडा पडला की मजुरी बुडते. मग कपाळावर सुंठेचा लेप दिला जातो. पण पोटात जाणाऱ्या तेलाचाही या दुखण्याशी संबंध असावा, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

स्निग्ध पदार्थ शरीरास नुसती शक्ती देतात असे नव्हे. त्यांतील स्निग्धाम्लांपासून शरीर कित्येक सूक्ष्म द्रव्ये बनविते. करडई, सोयाबीन यांच्या तेलांत ओमेगा-सहा जातीचे आम्ल विपुल असते. त्यापासून होणारी काही द्रव्ये वेदना वाढवितात. बांगडा, तारली या माशांतील ओमेगा-तीन आम्लांपासून होणारी काही द्रव्ये ती शमवितात.

अर्धशिशीच्या १८२ रुग्णांवर अमेरिकेत झालेला एक प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यांची नेहमीची औषधे चालूच होती. सोळा आठवडे ज्यांनी अशा माशांचे प्रमाण वाढविले व ओमेगा-सहाची तेले कमी केली, त्यांचे डोकेदुखीचे दिवस नेहमीचा आहार घेणाऱ्यांपेक्षा महिन्याकाठी सुमारे चारांनी घटले. तेले न बदलता केवळ मासे वाढविणाऱ्यांचे दोनांनी. महिन्याचे चार दिवस ही काही थोडी मिळकत नव्हे!

मासे न खाणाऱ्यांना जवस आठवेल. त्यातही ओमेगा-तीन आम्ल असते. परंतु ते माशांतील आम्लांहून निराळे असून, शरीर त्याचा अल्प अंशच त्या रूपात पालटू शकते.